केंद्रक मोठं दिसतंय, पण किती मोठं?

आजचा विषय आहे मोजमाप, आणि तेही अन्ननलिकेतल्या पेशींचं.

जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं, की काही जणांमध्ये अन्ननलिकेच्या खालच्या भागाचं अस्तर बदलतं. तिथे आतड्यात असतात तशा पेशी दिसायला लागतात. याला म्हणतात बॅरेट्स इसोफॅगस. हा कॅन्सर नाही, आणि बहुतेकांना पुढे तो होतही नाही. पण काहींच्या पेशी बिघडत जातात. आधी सौम्य डिस्प्लेशिया, मग तीव्र, मग कॅन्सर.

एंडोस्कोपी करताना डॉक्टर साधारण दर २ सेंटिमीटरवर चारही बाजूंनी छोटे तुकडे घेतात. पॅथॉलॉजिस्ट ते मायक्रोस्कोपखाली बघतात. पेशीचं केंद्रक मोठं झालंय का? गडद झालंय का? वेडंवाकडं आहे का? पण सौम्य डिस्प्लेशियाच्या बाबतीत दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टचंही एकमत होईलच असं नाही. पेशंटसाठी मात्र फरक मोठा आहे. एका रिपोर्टवर ‘काही वर्षांनी परत तपासू’, तर दुसऱ्यावर ‘हे अस्तर जाळून काढू’.

मग आपल्यासारखे कोडवाले म्हणतात, मोजूया ना! स्लाइड स्कॅन करायची, प्रत्येक केंद्रकाची कड शोधायची, क्षेत्रफळ आणि परिघ काढायचा. गोलपणासाठी सोपं सूत्र आहे: ४π गुणिले क्षेत्रफळ, भागिले परिघाचा वर्ग. पूर्ण गोल असेल तर उत्तर १. केंद्रक जितकं लांबट किंवा खडबडीत, तितका आकडा कमी.

खरी मेहनत पुढे आहे. ४०एक्सच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल साधारण ०.२५ मायक्रॉनचा, २०एक्सला ०.५ चा. स्केल चुकलं की क्षेत्रफळ थेट चौपट चुकतं! शिवाय स्लाइडवरचा काप असतो जेमतेम ४-५ मायक्रॉन जाड. केंद्रक त्याहून मोठं, त्यामुळे ते कधी मधोमध कापलं जातं, कधी कडेला. म्हणून एकदोन केंद्रकं मोजून भागत नाही. शेकडो मोजायची, आणि सरासरीसोबत त्यांच्यातली तफावतही बघायची.

आणि एक लक्षात ठेवा, नुसती सूज असली तरी केंद्रक मोठं होतं. त्यामुळे आकडा पॅथॉलॉजिस्टच्या हाताशी हवा, त्यांच्या जागी नको.

घरात कुणाच्या रिपोर्टवर ‘लो ग्रेड डिस्प्लेशिया’ दिसलं, तर घाबरू नका. दुसऱ्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. भेटूया पुढच्या भागात!