बोटीत पेट्रोल भरताना
(बोट चालवणाऱ्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण)



जमिनीच्या दाव्यांवर आपले दादा लोक बोलतीलच. मला बोटवाल्या पोरांशी बोलायचंय. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी ही गावं १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच होती. सरदार सरोवराचं पाणी चढलं, वाटा बुडाल्या. आता बाळंतीण न्यायची तरी बोटच लागते. पूर्वी नर्मदा वाहत होती, घाण पुढे जायची. आता पाणी साचलंय. सांडलेलं पेट्रोल काठालाच तरंगत राहतं, अन् त्याच काठावर बाया हंडे भरतात, गुरं पितात.

म्हणून सुटी टाकी बोटीत भरायची नाही. नळी काढा, टाकी काठावर आणा, पाण्यापासून लांब, सपाट जागी ठेवा. डुलत्या बोटीत एकाने कॅन धरायचा, दुसऱ्याने नरसाळं, असं आपल्याकडे चालतं. सांडतं ते तिथंच. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाला बसते, दिसत नाही. एकाने बिडी पेटवली की भडका. आधी मशीन बंद करून थंड होऊ द्या, माणसं उतरवा, बिड्या विझवा, मग झाकण उघडा.

ऑइल कॅनमध्येच, काठावर मिसळा. प्रमाण मशीनच्या पुस्तकातलं. बऱ्याच टू-स्ट्रोक मशीनला ५० ला १ असतं, म्हणजे ५ लिटरला १०० मिली. अंदाजाने जास्त ओतलं तर धूर होतो अन् तेलाचा तवंग पाण्यावर येतो. टाकी तोंडापर्यंत भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. चार बोटं जागा सोडा. नळीने तोंडाने ओढायची सवय तर सोडाच, पोटात-छातीत गेलं तर जीवावर बेततं.

टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. बोट चालताना तो उघडा पाहिजे, टाकी उचलताना बंद. निम्मं सांडणं या स्क्रूमुळेच होतं असं माझं मत आहे.

टाकी मशीनच्या डोक्यावरच असेल तर बोट घट्ट बांधा, काठावर छोट्या कॅनमध्ये काढून घ्या, टाकीच्या तोंडाभोवती फडकं गुंडाळा अन् हळू ओता. ते फडकं नदीत खळबळायचं नाही. चुलीपासून लांब वाळवा.

आग लागलीच तर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरतं. वाळू टाका. बोटीत वाळूची एक बादली कायम ठेवा, अन् धडगावच्या बाजाराला जाल तेव्हा जाळीचं नरसाळं बघा.