गॅस संपत नाही, गळतो

दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे सरांनी फळ्यावर लिहिलं होतं. माझं गॅरेज त्यावरच चालतं. "पिकअपचा एसी गार करत नाही, गॅस भर," म्हणत गिऱ्हाईक येतं. मी विचारतो, गाडी पळताना गारवा येतो का? पळताना येतो नि उभी राहिली की जातो, तर आधी कंडेन्सरचा पंखा आणि जाळीतली धूळ बघायची. दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल, तर बहुधा गळती. आर-१३४ए उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो. बारीक भोकही त्याला पुरतं. सोबत तेलही जातं, मग कॉम्प्रेसर जाम. ड्रायव्हरचा महिन्याचा पगार त्यात बुडतो. म्हणून माझ्याकडे आधी गळती शोधतात, गॅस नंतर. सर, शिकवलेलं उपयोगी पडतंय.