ते 'वरून' बंद केलंय

ऑफिसात काम करणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव आला असेल. संगणकावर ब्राउझर उघडावा, म्हणजे इंटरनेट पाहायची ती खिडकी, आणि त्याचं पहिलं पान बदलायला जावं, तर बटण राखाडी. दाबलं तरी दबत नाही. हे तुमच्या संस्थेकडून ठरवलं जातं, अशा अर्थाची एक बारीक ओळ तिथे दिसते. शेजारचे सहकारी मान वर न करता म्हणतात, "अहो, ते वरून बंद केलंय."

हे 'वरून' म्हणजे नेमकं कुठून? मी कविता लिहिणारा माणूस, पोटासाठी कारकुनी करतो, तंत्रज्ञ नव्हे. पण जे यंत्र रोज आठ तास समोर असतं, त्याचे नियम कोण लिहितं, एवढं तरी कळायला हवं.

'वरून' म्हणजे संगणक विभागातल्या सर्व्हरवरून. विंडोज २००० बरोबर ग्रुप पॉलिसी नावाची सोय आली. विभागातला माणूस एका जागी नियमांची यादी लिहितो. ऑफिसातलं प्रत्येक यंत्र सुरू होताना, आपण लॉगिन करताना आणि पुढे दर दीड-दोन तासांनी ती यादी वाचून घेतं. पहिलं पान कोणतं, पासवर्ड साठवायचे की नाही, कोणती संकेतस्थळं बंद, सगळं त्यात. तेव्हा राज्य इंटरनेट एक्स्प्लोररचं होतं. क्रोम २००८ साली आला आणि २०१० च्या अखेरीपासून तोही अशी यादी पाळू लागला; फायरफॉक्सने स्वतःची सोय २०१८ मध्ये दिली. एक्स्प्लोरर २०२२ साली निवृत्त झाला. मात्र त्याच्यासाठी बांधलेली ऑफिसांची जुनी पानं एज ब्राउझरच्या पोटात आजही चालतात, आणि त्या पानांची यादीही वरूनच येते. निवृत्तीनंतरही मुदतवाढ मिळणारे साहेब आपण पाहिलेत, त्यातलाच हा प्रकार.

कुलपाला माझा विरोध नाही. एकाच यंत्रावर सकाळी एक आणि दुपारी दुसरा बसत असेल, तर पहिल्याचा पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवणं घातक. एक्स्टेन्शन नावाचे जे छोटे जोड असतात, त्यांतले काही उघडलेल्या पानावरचा सगळा मजकूर वाचू शकतात. कुणी हौसेनं असा जोड बसवला, तर ग्राहकांची खाती उघडी पडायची. आणि शंभर यंत्रांवर हे सांभाळायला माणूस टेबलाटेबलाशी फिरवायचा, तर एक फेरी संपेतो दुसरीची वेळ यायची.

माझं दुखणं वेगळं आहे. ते भाषेचं आहे.

विंडोज एक्सपीच्या काळात, २००१ नंतर, बऱ्याच संगणकांवर युनिकोडमधली मराठी दिसतच नसे. अक्षरांच्या जागी चौकोन. उपाय साधा होता: भाषेच्या सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण करायची. पण ती खूण करायला प्रशासकाचा अधिकार लागे, आणि तो कारकुनाला नसे. आमच्या ऑफिसात त्यासाठी अर्ज करावा लागला. गंमत अशी की, त्या एकाच चौकटीत देवनागरीबरोबर उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिप्याही होत्या. अम्मी वाचायची ती उर्दू आणि मी लिहितो ती मराठी, दोघी एकाच खुणेमागे अडकलेल्या. खूण झाली आणि दोघी एकाच वेळी पडद्यावर उमटल्या. मला फार बरं वाटलं. विभागातले साहेब म्हणाले, "कामाला इंग्रजी पुरतं की!"

आज अक्षरं दिसतात, चौकोन गेले. पण यादीत भाषेचाही नियम असतो. ब्राउझरने कोणत्या भाषा आपल्या मानायच्या, हे वरून ठरवता येतं. त्यात नुसती इंग्रजी लिहिलेली असली, तर क्रोम मराठी पान परकं धरतो आणि विचारतो, याचं इंग्रजीत भाषांतर करू का? मराठी महाराष्ट्राची राजभाषा असल्याचा कायदा १९६४ चा. आणि इथे मराठी माणसाला मराठी पानावर दुभाष्या देऊ केला जातो. हे कुणी मुद्दाम करत नाही, हे मला माहीत आहे. तयार यादी कुठून तरी उचललेली असते, आणि मराठी घालायची हे कुणाला सुचलेलं नसतं.

क्रोममध्ये पुष्कळसे नियम दोन तऱ्हांनी लावता येतात: सक्तीचे आणि शिफारशीचे. सक्तीचा नियम आपल्याला हलवता येत नाही. शिफारशीचा सुरुवातीला लागू असतो, पण आपण बदलू शकतो. सुरक्षेचे नियम सक्तीचे असावेत. पहिलं पान, अक्षरांचा आकार, भाषा यांवर मात्र सक्ती कशाला? चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला अक्षर मोठं करायलाही परवानगी मागायला लावणं मला तरी पटत नाही.

आपल्या यंत्रावर काय लावलंय, ते पाहायला अधिकार लागत नाही. पत्त्याच्या पट्टीत रोमन अक्षरांत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा, पॉलिसी असं टाइप करा. एजमध्ये क्रोमऐवजी एज लिहा. फायरफॉक्समध्ये अबाउट, कोलन, पॉलिसीज. तक्ता उघडेल: नियमाचं नाव, त्याची किंमत, आणि क्रोम-एजमध्ये तो सक्तीचा की शिफारशीचा तेही. नावं इंग्रजीत आहेत, पण फारशी अवघड नाहीत. भाषेची ओळ तिथे असेल आणि तीत मराठी नसेल, तर संगणक विभागाला एक चिठ्ठी लिहा. त्यांना एक शब्द वाढवायचा असतो. सकाळी वाढवला, तर दुपारच्या चहापर्यंत तो चालू असलेल्या सगळ्या यंत्रांवर पोचतो.