गोंगाटामागचे हात



छत्रपती संभाजीनगरच्या सुशिक्षित घरांतून अलीकडे एक लहानसा कलह ऐकू येतो. आतल्या खोलीत चिरंजीव विजेच्या गिटारीचे घणाघाती वादन लावून बसतात. बाहेरच्या खोलीतून तीर्थरूप ‘हा गोंगाट बंद कर’ म्हणून गर्जतात. मग दार आदळते आणि दोन पिढ्यांतले संभाषण तेथेच संपते. गंमत अशी की, आत वाजणारे ध्वनिमुद्रण नवे कोरे असले तरी पुष्कळदा त्याची धाटणी १९७० च्या सुमाराची, म्हणजे वडिलांच्याही बालपणाची असते. हार्ड रॉक आणि हेवी मेटल या नावांनी ओळखले जाणारे हे जुने वळण आजचे तरुण वादक पुन्हा गिरवीत आहेत; आणि मोठ्या कंपनीचा आश्रय न मिळाल्यास पदरमोड करून आपली गीते स्वतंत्रपणे प्रसिद्ध करीत आहेत. हा केवळ पोरखेळ आहे काय?

या संगीताचे एक उगमस्थान शोधू गेल्यास ते रंगमहालात नव्हे, कारखान्यात सापडते. इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे लोखंडकामाचे शहर. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. १९६५ साली, नोकरी सोडण्याच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राखाली तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारीच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. वाळूजला किंवा चिकलठाण्याला प्रेसवर बोट जाणे म्हणजे काय, हे या शहराला समजावून सांगावयास नको.

अशा वेळी कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकविली. १९२८ सालच्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. तरीही तो जगविख्यात झाला. मुलाने धीर धरला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चढविले आणि गिटारीला हलक्या तारा लावल्या. पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून त्याने त्या खालच्या स्वरात उतरविल्या. त्यामुळे १९७१ च्या सुमारास वादनाला अधिकच जड, गंभीर नाद आला. त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ या मेळाचे पहिले ध्वनिमुद्रण १९६९ साली जवळजवळ एका दिवसात उरकले आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाले. ज्याला आपण गोंगाट म्हणतो, त्याच्या मुळाशी एका जखमी कामगाराची जिद्द अशी उभी आहे.

हे लोण मुंबईसही लवकरच पोहोचले. प्रख्यात रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे यांनी तेथील ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या मेळातून काही काळ गायन केले. हेच भेंडे पुढे १९७८ सालच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकातून मराठी प्रेक्षकांसमोर आले. त्या मेळाची एकमेव तबकडी १९८१ साली बाहेर पडली, तोवर मेळच विस्कटून गेला होता. बाजाराने तिची दखल घेतली नाही. मात्र २०११ साली अमेरिकेतील ‘नाऊ-अगेन’ या छोट्या स्वतंत्र संस्थेने ती ध्वनिमुद्रणे पुन्हा जगापुढे आणली. सारांश, विक्रीचा हिशेब हा गुणांचा निवाडा नव्हे. त्या काळी कोणी ते वादन मुद्रित करून ठेवलेच नसते, तर तीस वर्षांनी पुनरुज्जीवन कशाचे होणार होते? स्वतंत्रपणे गीते प्रसिद्ध करणाऱ्या वादकाचे महत्त्व हेच. तो काळाच्या हाती एक पुरावा ठेवून जातो.

तथापि तरुणांनाही एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. जुन्या धाटणीची केवळ नक्कल म्हणजे दुसऱ्याच्या जखमेवर आपली पट्टी बांधून मिरविणे होय. मुंबईच्या ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ या मेळाने २०१७ साली ‘दशावतार’ हा संग्रह प्रसिद्ध केला. बाज परका, पण विषय घरचा. तद्वत वाळूजच्या रात्रपाळीचा, मराठवाड्याच्या कोरड्या आभाळाचा अनुभव त्या जड तारांतून का उमटू नये? शिवाय फार मोठ्या आवाजाने कानांना कायमची इजा होते, हेही विसरता कामा नये.

वडीलधाऱ्यांनी मात्र एवढे करावे. एखाद्या संध्याकाळी आतल्या खोलीत जाऊन बसावे, आवाज थोडा कमी करावयास सांगावे आणि एक गीत अखेरपर्यंत ऐकावे. आवडलेच पाहिजे असे नाही. मग चिरंजीवांना विचारावे, ‘हे वाजविणारा कोण, आणि त्याचे हात कशाने घडले?’ त्या प्रश्नाने बंद झालेले संभाषण पुन्हा सुरू होईल.