‘तुमचं’ गाणं

(युवक-युवतींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘संस्कृती आणि सहजीवन’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला मी काही विचारवंत नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. म्हणून मी एका खेळाबद्दल बोलणार आहे.

2020 च्या एप्रिलमध्ये आपण सगळेच घरात अडकलो होतो. तेव्हा मिरजेच्या आमच्या शाळेतल्या सहा जणांनी व्हिडिओ कॉलवर गाणी ओळखण्याचा खेळ सुरू केला. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता. एक मैत्रीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ, म्हणून ती चहा घेऊन बसायची. एक मित्र डोंबिवलीचा. बाकीचे पुण्यात आणि सांगलीत. मी मिरजेतच. नावं सांगत नाही, गावांवरून ओळखा.

नियम साधे. ज्याची पाळी त्याने गाण्याच्या सुरुवातीचे दहा सेकंद वाजवायचे, शब्द सुरू व्हायच्या आत थांबायचं. बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. त्याचे दोन गुण. संगीतकार, गीतकार, सिनेमाचं वर्ष यांचा एकेक गुण वेगळा. आधी आम्ही ओरडून उत्तर द्यायचो, पण न्यू जर्सीचा आवाज एक-दोन सेकंद उशिरा पोचायचा आणि रोज भांडण. मग उत्तर टाइप करायचं ठरलं. दुसरी गंमत तानपुऱ्याची. हे कॉलचं सॉफ्टवेअर पंख्याची घरघर वगैरे सलग चालणारे आवाज गाळून टाकतं, आणि त्याला तानपुराही घरघरच वाटतो. मी मिरजेची, जिथे तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, आणि माझ्याच घरून लावलेला तानपुरा कोणाला ऐकू जाईना! आवाज गाळण्याची ती सोय बंद करायची असते, हे कळायला आम्हाला तीन शनिवार लागले.

दोन महिन्यांत प्रत्येकाचं दुकान ठरून गेलं. पुणेकर नाट्यसंगीताचा. न्यू जर्सीवाली आर. डी. बर्मनची. डोंबिवलीवाला असले प्रश्न काढायचा, की शर्माजी या नावाने संगीत देणारे कोण? (खय्याम. सुरुवातीला शर्माजी-वर्माजी अशी जोडी होती, आणि त्यातले वर्माजी म्हणजे रहमान.) आणि माझं दुकान? कव्वाली, गझल आणि ज्यात ‘सनम’ येतो ते सगळं. हे दुकान मी थाटलं नव्हतं. ते मला मिळालं.

आता माझं सांगते. मी मराठी माध्यमात शिकले. घरी आम्ही दख्खनी बोलतो, पण उर्दू लिपी मला वाचता येत नाही. लहानपणी माझ्या कानावर काय पडलं असेल तर रेडिओवरची नाट्यपदं, आणि मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात रात्र-रात्र चालणारं गाणं. कव्वालीत माझी गती इतर पाच जणांइतकीच.

एका शनिवारी डोंबिवलीवाल्याने एका कव्वालीची सुरुवात वाजवली. मी गाणं ओळखलं, सिनेमा सांगितला, ‘बरसात की रात’, वर्ष 1960, गीतकार साहिर. राहिला संगीतकार. सगळे गप्प. तेवढ्यात तो म्हणाला, “अगं, हे तर तुमचं! सांग की!”

आम्ही पहिलीपासून अरे-तुरेतले. त्यामुळे हे ‘तुमचं’ आदराचं नव्हतं. ते अनेकवचन होतं.

मी घाईने लिहिलं, नौशाद. चूक. रोशन. त्यावर पुण्याहून हसत आवाज आला, “तुमचंच तुम्हाला येत नाही!” मी लॅपटॉप मिटला. पुढचे दोन शनिवार मी खेळायला बसले नाही. ग्रुपवर ‘नेट नाही’ असं लिहिलं. नेट होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाचा एवढा राग? माझ्या मुलीनेही तेच विचारलं. पण ते 2020 साल होतं. टाळेबंदीच्या सुरुवातीच्या त्या आठवड्यांत ‘तुमचे लोक’ हा शब्द मी भाजीच्या गाडीपाशी ऐकला होता, सोसायटीच्या गेटवर ऐकला होता. शनिवारचे दोन तास तेवढे त्यातून सुटलेले होते.

आणि तरीही एक गोष्ट मला टोचत राहिली. मी नौशाद का लिहिलं? रोशन मला माहीत नव्हते असं नाही. ‘ताजमहल’ त्यांचाच, तो मी कधी चुकले नसते. कव्वाली ऐकली आणि माझ्या मनाने मुसलमान नाव शोधलं. त्याने मला ज्या खणात टाकलं, त्याच खणात मी उत्तर शोधलं. वास्तविक त्या कव्वालीत मन्ना डे आहेत, आणि आशा भोसले आहेत, ज्यांचा जन्म आमच्या शेजारच्या सांगलीतला. आता ती कोणाची म्हणायची?

तिसऱ्या आठवड्यात डोंबिवलीहून फोन आला. माफी वगैरे नाही. मुलीला तानपुरा घ्यायचाय, मिरजेत कुठे चांगला मिळेल, असं विचारलं. मी सांगितलं. मग त्या ‘तुमचं’बद्दलही सांगितलं, भाजीच्या गाडीसकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला वाटलं मी तुला मान देतोय. तुला जास्त कळतं, म्हणून.” मी म्हटलं, “मग गणित विचार.” त्यावर तो हसला, मी हसले नाही. फोन ठेवल्यावर मात्र थोडं बरं वाटलं.

पुढची पाळी माझी होती. मी अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. मुखडा येताच बंद केली, कारण त्यात मराठी शब्द होते. पुणेकराने लिहिलं ठुमरी. दुसऱ्याने भजन. कोणालाच आलं नाही. ते मराठी नाट्यपद होतं! कैराण्याहून आलेला हा गवई मिरजेत राहिला, 1937 मध्ये गेल्यावर इथेच दफन झाला, आणि त्याने मराठी नाट्यपदं गाऊन ठेवली. त्याच्या लेकीने, हिराबाई बडोदेकरांनी, तर मराठी रंगभूमी गाजवली. नाट्यसंगीताचं दुकान ज्याचं, तो पुणेकर पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, “परत लाव. पूर्ण लाव.” त्या दिवशी गुण मोजायचे राहूनच गेले.

सगळं गोड झालं असं समजू नका. आमच्यातला एक जण अजून असे मेसेज पुढे पाठवतो की मला ग्रुप सोडावासा वाटतो. एकदा सोडलाही होता. खेळाच्या वेळी तो चांगला असतो, बाकीचे सहा दिवस नाही. याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

2021 च्या सुरुवातीला इलाही जमादार गेले, सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे. त्या आठवड्यात गझलेची फेरी डोंबिवलीवाल्याने घेतली, सगळी मराठी. त्यात त्याने शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव विचारलं. मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचे. अमर शेख आणि गझलेचा काही संबंध नाही, पण त्याला तो प्रश्न विचारायचाच होता, हे आम्हाला समजलं.

त्याने टाळेबंदीत ऑनलाइन उर्दू शिकून घेतली आहे. जुन्या सिनेमांच्या जाहिरातींवरची नावं वाचून दाखवतो. आता मी त्याच्याकडून शिकते आहे, ‘सीन’ आणि ‘सुआद’ यांत अजून घोटाळा होतो.

येत्या शनिवारी माझी पाळी आहे. प्रश्न तयार आहे, पण तो इथे सांगत नाही. न्यू जर्सीवाली हे भाषण ऑनलाइन ऐकते आहे.