हृदयाचा धोका मोजताना माप कोणत्या गावचं?



संत्र्याच्या हंगामात एक बागायतदार परतवाड्याला माझ्या दवाखान्यात आले. वय ४६, अंगानं सडपातळ. मुलानं मोबाइलमध्ये माहिती भरून काढलेला आकडा त्यांनी माझ्यापुढं धरला. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका ३ टक्के. म्हणाले, "पाहा डॉक्टरसाहेब, मले काहीच नाही."

बिडी-सिगारेट? "हातबी लावत नाही." खरंच होतं ते. पण शर्टाच्या खिशातून खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पन्नी डोकावत होती. दिवसाला चार. कमरेला टेप लावला तर ९६ सेंटिमीटर, हातपाय मात्र काडीसारखे. वडील पन्नाशीच्या आतच छातीत दुखून गेलेले. यातली एकही गोष्ट त्या ३ टक्क्यांत धरलेली नव्हती.

धोका मोजायची ही पद्धत आली कुठून? अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथं १९४८ साली ५,२०९ माणसांची तपासणी सुरू झाली आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांनी हृदय बिघडतं, हे जगाला पटलं ते मोठ्या प्रमाणात त्या गावकऱ्यांमुळं. त्यांचे उपकार आहेतच. पण ती बहुतेक सगळी गोरी माणसं होती. त्यांच्यावरून बांधलेलं गणित चीनमधल्या लोकांना लावलं, तर धोका फुगवून दाखवू लागलं. ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांत उलट झालं, तिथं धोका प्रत्यक्षापेक्षा कमी दिसला. म्हणून २००८ साली तिथल्या डॉक्टरांनी आपल्या नव्या गणितात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशी वेगळी नोंद घेतली.

आपलं शरीर वेगळं कसं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच उदाहरणावरून दाखवलं. २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचाही सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक कळत नाही. त्याच वर्षी ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाचे निष्कर्ष आले. आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयाचा पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, इतरांपेक्षा जवळपास सहा वर्षं आधी. याच अभ्यासात चघळायच्या तंबाखूनंही धोका वाढतो, हे दिसून आलं.

मग धोका मोजायचे तक्ते फेकून द्यायचे का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये जगाचे २१ भाग करून प्रत्येकाचा निराळा तक्ता दिला, त्यात दक्षिण आशियाचाही आहे. मी तोच वापरतो. पण त्यातही खर्र्याचा, कमरेच्या घेराचा किंवा घराण्यातल्या हृदयविकाराचा रकाना नाही. आणि चिखलदऱ्याच्या घाटावरचा कोरकू आदिवासी माणूस व मुंबईतला नोकरदार, दोघांनाही तो एकाच मापानं मोजतो. म्हणून आकडा कमी आला तरी माझी तपासणी तिथं संपत नाही, तिथून सुरू होते.

त्या बागायतदारांची साखर तपासली, ती वाढलेली निघाली. आता औषध सुरू आहे. खर्रा चारवरून एकावर आलाय, आणि तो एकही सुटावा म्हणून मी त्यांच्या मागं लागलो आहे.

तुम्हीही आज एवढं करा. शिंप्याकडचा टेप घ्या, श्वास सोडून पोटाचा घेर मोजा. पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तिशी उलटलेल्यांचा तपासणी फॉर्म घेऊन आशाताई घरी आल्या, तर त्यांना दारातून परत पाठवू नका. त्या फॉर्ममध्ये कमरेचा घेरही विचारतात आणि तंबाखूही, चघळायची धरून. तेव्हा खर्रा लपवू नका. आणि मोबाइलनं काहीही सांगितलेलं असो, छातीत दडपण आलं, घाम फुटला, डावा हात भरून आला, तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.