सूची कोणाच्या हाती?

संगणकांचे जाळे दोन प्रकारे विणता येते. एका रचनेत सारा साठा सर्व्हर नामक एका बलाढ्य यंत्रापाशी असतो आणि इतर संगणक त्याच्या दारी मागणे घेऊन जातात. दुसऱ्या, म्हणजे पीअर-टू-पीअर रचनेत प्रत्येक संगणक देणाराही असतो आणि घेणाराही. ही दुसरी रचना पाहून विकेंद्रीकरणवाद्यांचे मन हरखून जावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु सत्ता नेमकी कोठे साठते, हे नावावरून कळत नाही.

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर सुरू झाले. गाणी लोकांच्याच संगणकांवर होती आणि देवघेवही परस्पर होई. मात्र कोणते गाणे कोणापाशी आहे, याची सूची कंपनीच्या सर्व्हरवर होती. माल गावोगावी, खातेवही पेढीवर! ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी खटला भरला. न्यायालयीन आदेशांच्या दडपणाखाली २००१ च्या जुलैत सूची बंद झाली आणि कोट्यवधींचे जाळे निकामी झाले.

२००० साली आलेल्या ग्नुटेलाने सूचीच काढून टाकली. विचारणा शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाई. जप्त करावे असे केंद्रच उरले नाही. पण विचारणांच्या लोंढ्याने मंद दूरध्वनी-तारा तुंबल्या. त्याच वर्षी एदार आणि ह्यूबरमन या संशोधकांना आढळले की, सुमारे ७० टक्के लोक काहीच देत नव्हते आणि जवळजवळ निम्मी उत्तरे अवघ्या १ टक्का संगणकांकडून येत होती. केंद्र गेले, म्हणून समता आली नाही. पुढे तर सशक्त संगणकांना वरचा दर्जा देऊनच काम निभावावे लागले.

ब्रॅम कोहेन यांच्या २००१ च्या बिटटोरेंटमध्ये जो देतो त्याला अधिक वेगाने मिळते; हा नियम उपदेशात नव्हे, रचनेतच आहे. तेथेही आरंभी पत्ते सांगणारा सर्व्हर लागे. २००५ पासून ती सूचीच तुकड्यातुकड्यांनी सर्व संगणकांत वाटण्याची सोय झाली. सूची नाकारण्यापेक्षा ती वाटून घेणे अधिक कठीण, पण अधिक टिकाऊ.

स्काइपची वाट उलटी होती. २००३ साली वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर उभे राहिलेले हे संभाषणाचे जाळे मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि २०१२ साली त्यातील मोक्याच्या जागी आपले सर्व्हर बसविले. सोय वाढली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आज्ञावली कंपनीची होती. त्यामुळे केंद्र परत आणण्याचा निर्णयही कंपनीचाच ठरला.